चौतिसावा ठोका

"चौतीस," ताई पुटपुटली आणि तिनं मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

पडद्यावर हिरव्या रेघेचे दात एकसारखे उभे होते. एक दात म्हणजे घड्याळाचा एक ठोका. गुणाकार सुरू झाल्याची खूण डाव्या टोकाला होती, संपल्याची उजव्या. मधले दात ती पेन्सिलीच्या टोकानं, ओठ हलवत मोजत होती. मोजणी यंत्रानं आकडा आपणहून कोपऱ्यात दाखवला होता, पण यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवायचा तिचा आज विचार नव्हता. तिसऱ्यांदाही चौतीसच आले. तिनं पेन्सिल टेबलावर आपटली. शिसं तुटून खाली घरंगळत गेलं.

टेबलावर एक राखाडी डबा झाकण काढून ठेवला होता. लिफ्ट चालवणारा डबा. कुठल्या मजल्यावर थांबायचं, दार किती वेळ उघडं ठेवायचं, आत माणसं जास्त झाली तर हलायचंच नाही, हे सगळं ठरवणारा. असली यंत्रं इमारतीत बसवण्याआधी या प्रयोगशाळेत येत, आणि ताईची सही झाल्याशिवाय इथून बाहेर पडत नसत. काढून ठेवलेल्या झाकणावर चकचकीत पाटी होती: 'आत आहे आमचा स्वतःचा प्रोसेसर.'

"आमचा स्वतःचा म्हणे!" ताई झाकणाला म्हणाली.

डब्यातली चिप बाजारात मिळणारी साधी कोरी चिप होती. अशी चिप कारखान्यातून येते तेव्हा तिला काही म्हणता काही येत नसतं. तिच्या पोटात हजारो बारीक फाटकं असतात. ती एकमेकांना कशी जोडायची हे एका फाइलीत लिहून चिपमध्ये भरलं, की चिप त्या फाइलीप्रमाणे वागू लागते. फाइलीत प्रोसेसर लिहिलेला असेल, तर चिपचा प्रोसेसर होतो. असा एक प्रोसेसर बारा वर्षांपूर्वी ताईच्या घरातल्या जेवणाच्या टेबलावर लिहिला गेला होता. सगळ्यांत लहान चिपमध्येही तो मावायचा, म्हणून त्याचं नाव मुंगी. लिहून झाल्यावर तो जगाला फुकट देऊन टाकला. ज्याला हवा त्यानं घ्यावा, मोडावा, बदलावा, खुशाल विकावा. अट एकच होती. फाइलीच्या डोक्यावरची नावं काढायची नाहीत.

मुंगीला गुणाकाराला चौतीस ठोके लागत. त्यातले बत्तीस कामाचे. सुरुवातीचा एक नुसता थांबण्याचा, तो ताईचा. शेवटचाही एक नुसता थांबण्याचा, तो धाकट्याचा. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. दोघांनी मिळून मुंगी लिहिली तेव्हा ताईला वाटलं, धाकट्यानं आकडे आत घेताना घाई केली आहे. त्याला वाईट वाटू नये म्हणून तिनं गुपचूप पुढे एक ठोका घातला. धाकट्याला वाटलं, ताईनं उत्तर बाहेर देताना घाई केली आहे. त्यानं गुपचूप मागे एक घातला. चार महिन्यांनी हे उघडकीला आलं तेव्हा दोघं इतके हसले, की आई हातातलं काम टाकून बघायला आली. 'एक तुझा, एक माझा, राहू दे,' असं ठरलं. बत्तीसच्या जागी तेहेतीस कोणीही करील. पण दोन्ही टोकांना एकेक ठोका उधळणारी माणसं पृथ्वीवर दोनच होती आणि ती एकाच घरात वाढली होती.

पुढं नव्या आवृत्तीत ताईनं शेवटचा ठोका काढून टाकला. आताची मुंगी तेहेतीस ठोक्यांतच काम आटपते. म्हणजे या लोकांनी जुनी प्रत उचलली होती. चोरायची तर निदान ताजी तरी चोरावी! इतका आळस?

ती तशीच उठून साहेबांच्या खोलीत गेली.

"साहेब, लिफ्टच्या डब्यात माझी मुंगी आहे."

साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "मुंग्या झाल्यात? मारायचं औषध कपाटात आहे."

"माझी मुंगी, साहेब. मी लिहिलेली. चोरून घातलीय आणि वर 'स्वतःचा' म्हणून पाटी लावलीय."

साहेबांनी आता चष्मा काढला. "हे बघा ताई, तुमचं काम चाचणीचं. लिफ्ट पडते की नाही तेवढं सांगा. प्रोसेसर कोणाच्या पोटचा, ते आपल्या फॉर्मात विचारलेलं नाही."

"मूळ फाइल मागायचा आपल्याला अधिकार आहे. जिवाशी संबंधित यंत्र आहे हे."

"मग मागा की. पण आवाज जरा कमी करून मागा."

कमी आवाजात रागवायची कला ताईला कधी साधली नव्हती. तिनं कंपनीला फोन केला, परवा मूळ फाइल घेऊन माणूस हजर पाहिजे असं दोनदा बजावलं, आणि समोरचा 'हो मॅडम' म्हणत असतानाच ठेवून दिला.

जेवणाच्या सुट्टीत स्वतःचा पोळीभाजीचा डबा न उघडताच ती पत्र लिहायला बसली. कंपनीच्या मालकाला. असली पत्रं लिहिताना तिची बोटं कधी अडत नसत. 'माझ्या कामावर तुम्ही पैसे मिळवलेत, याबद्दल माझी तक्रार नाही,' तिनं लिहिलं. 'ते मी फुकटच दिलं होतं. मी फक्त नाव मागितलं होतं. एखाद्याच्या कामावरून त्याचं नाव पुसणं ही नुसती चोरी नाही. तो माणूस तिथं कधी नव्हताच, असं सांगणं आहे. एवढी मोठी कंपनी चालवता आणि तुम्हाला दोन ओळी जड झाल्या?' हे वाक्य तिला फार आवडलं. तिनं ते स्वतःशीच मोठ्यानं वाचलं, तेव्हा पलीकडच्या टेबलावरच्या बाईंनी पोळीचा घास हातात धरून तिच्याकडे पाहिलं.

मुंगीच्या पत्रपेटीत तीन नवी पत्रं होती. दूरदूरचे लोक मुंगी वापरत आणि 'प्रिय श्रीयुत ताई' असं लिहीत. ते तिचं आडनाव आहे अशी जगाची समजूत झाली होती. एकानं तक्रार केली होती, की त्याच्या शेतातल्या पंपावर बसवलेली मुंगी दुपारच्या वेळी गुणाकार चुकते आणि संध्याकाळी आपोआप सुधारते. अशा अर्थाचं हे या वर्षातलं चौथं पत्र. ताईनं आधीच्या तिघांना जे लिहिलं होतं तेच यालाही लिहिलं: 'मुंगी चुकत नाही. तुमच्या तारा सैल आहेत. तपासा.'

धाकट्याला ही चोरी कळवावी का, असं एकदा मनात आलं. त्याच्याशी सहा वर्षं बोलणं नव्हतं. इकडचे निरोप तिकडे पोचवून आईही थकली होती. हल्ली ती ताईच्या फोनवर त्याचं नावच काढत नसे. कारण म्हटलं तर एवढंसं होतं. धाकट्यानं लग्न केलं, नोकरी धरली, आणि दोन वर्षं मुंगीच्या फाइलीत एक ओळ लिहिली नाही. लोकांच्या पत्रांना उत्तरं देत ताई एकटी मरत होती. आणि एका संध्याकाळी पाहुण्यांसमोर, जेवता जेवता तो मोठ्या ऐटीत म्हणाला, "आपली मुंगी आता परदेशातसुद्धा चालते बरं का."

"आपली?" ताई म्हणाली होती. "दोन वर्षं साधी चौकशी तरी केलीस का? आपली म्हणे!"

पाहुण्यांनी माना खाली घातल्या. धाकटा पांढराफटक पडला. "मग काढून टाक माझं नाव," तो म्हणाला आणि भरल्या ताटावरून उठला.

नको, त्याला कशाला कळवायचं. ताईनं पत्र साठवून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी डब्याला भट्टीत घालायचं होतं. भट्टी म्हणजे लोखंडी दाराचं, बाहेर आकडे दाखवणारं एक कपाट. लिफ्टची यंत्रं इमारतीच्या माथ्यावरच्या खोलीत असतात, आणि भर उन्हाळ्यात त्या खोलीत माणूस दहा मिनिटं उभा राहू शकत नाही. म्हणून डब्याला सत्तर अंशांपर्यंत तापवायचं, आत लाखभर गुणाकार करायला लावायचे, आणि एकही चुकला तर परत पाठवायचं. डबा चुकावा अशी ताईची मनापासून इच्छा होती. चाचणी करणाऱ्यानं अशी इच्छा धरू नये हे तिला पक्कं माहीत होतं, आणि तरीही तिनं ती धरली.

जाता जाता तिनं कपाटातला, तशीच कोरी चिप बसवलेला प्रयोगशाळेचा एक बोर्ड काढला, त्यावर आपली ताजी मुंगी भरली आणि तोही डब्याशेजारी ठेवला. उद्या तो माणूस आला की दोन्ही आकडे त्याच्या तोंडावर फेकता येतील. खरी कशी पळते आणि चोरलेली कशी रखडते, ते एकदा बघू दे त्यांना.

चाळीस अंशांना दोन्ही बरोबर. पन्नासला बरोबर. एकसष्टला घंटा वाजली.

"झालं!" ताई आनंदानं ओरडली आणि पडद्याकडे धावली.

लाल ओळ तिच्या बोर्डाची होती.

तिनं दार उघडलं, हात भाजून घेतला, तारा काढून पुन्हा घट्ट बसवल्या. भट्टी थंड केली. परत तापवली. पुन्हा एकसष्ट. मग तारा बदलल्या. तिसऱ्यांदा साठलाच घंटा झाली. डबा मात्र पासष्टला चालत होता, अडुसष्टला चालत होता, सत्तरला तासभर ठेवला तरी बापडा आपले चौतीस ठोके घेत मुकाट गुणाकार करत होता. लाखांत एक चूक नाही.

चिप तापली की आळसावते, हे ताई नवशिक्यांना नेहमी सांगायची. ती गुणाकार करते तो बेरजा करत करत, आणि बेरजेत सगळ्यांत उशिरा पोचतो तो शेवटचा हातचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत त्याला बत्तीस घरं चालावी लागतात, आणि गरमीत त्याचे पाय जड होतात. तो यायच्या आत उत्तर उचललं, की उत्तर चुकतं. एक ठोका जास्त थांबलं तर तो पोचतो. हे सगळं तिला पाठ होतं. पण त्या क्षणी तिनं ते आठवायचं नाही असं ठरवलं, डब्यासमोर 'उत्तीर्ण' लिहिताना कागद फाटेल इतक्या जोरानं पेन दाबलं, आणि आपल्या बोर्डासाठी फॉर्मात रकाना नाही म्हणून त्याची नोंद कुठेच केली नाही. घरी जाताना ती जिन्यावर विनाकारण दोघांवर डाफरली.

ठरल्या दिवशी कंपनीचा माणूस आला. गळ्यात टाय, हातात लॅपटॉप, चेहऱ्यावर कुणाचंही नुकसान न करणारं हसू. साहेब मुद्दाम येऊन बाजूच्या खुर्चीत बसले. ताईनं पत्र छापून समोर पालथं ठेवलं होतं.

"प्रोसेसर कोणी लिहिला?" तिनं विचारलं.

"आमच्याच टीमनं, मॅडम."

"किती जणांची टीम?"

टायवाल्यानं हसू जरा आवरलं. "म्हणजे तसं एकाच माणसानं."

"गुणाकाराला चौतीस ठोके लागतात. का लागतात?"

"मॅडम, मी विक्रीकडचा आहे."

"विक्रीकडचे! वा! म्हणजे कोणाचं विकताय ते तरी माहीत असायला हवं." ताईचा आवाज चढला. साहेबांनी खाकरून पाहिलं, उपयोग झाला नाही. "नावं राहू द्या, एवढंच मागितलं होतं. एक पैसा नाही मागितला. ती नावं काढून टाकलीत आणि वर पाटी लावलीत. रात्री झोप कशी लागते हो तुम्हाला?"

"कुठली नावं, मॅडम?"

"फाइल उघडा. उघडा, मी दाखवते कुठली होती."

टायवाल्यानं लॅपटॉप उघडला, दोनदा चुकीच्या जागी शोधलं, आणि तिसऱ्यांदा फाइल सापडली तसा पडदा तिच्याकडे वळवला. "या वरच्या ओळी म्हणताय का?"

ओळी घरच्या भाषेत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेल्या होत्या. बारा वर्षांपूर्वी, कोण वाचणार आहे म्हणून, हसत हसत लिहिल्या होत्या तशाच.

मुंगी.
लिहिली: ताई आणि धाकटा.
घ्या, मोडा, विका. नावं तेवढी राहू द्या.

"या ओळींवरून आमच्याकडे केवढा तमाशा झाला," टायवाला सांगू लागला. त्याला आता जरा बळ आलं होतं. "आमच्या जाहिरातवाल्यांनी सांगितलं, काढा हे, बरं दिसत नाही. तर हा लिहिणारा गडी म्हणाला, ओळ काढलीत तर मी उद्यापासून येणार नाही. एरवी तोंडातून शब्द काढत नाही, मॅडम. त्या दिवशी टेबलावर मूठ आपटली त्यानं. डब्यावरची पाटी त्याला न विचारता लावली, तर महिनाभर आमच्याशी बोलत नव्हता."

ताईनं पालथं ठेवलेलं पत्र मुकाट आपल्याकडे ओढून घेतलं. साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, कारण ही गोष्ट नवीन होती.

"ही प्रयोगशाळासुद्धा त्यानंच सुचवली. म्हणाला, तिथं ठोके नीट मोजतात."

"खाली चला," ताई म्हणाली. "गुणाकारापाशी."

टायवाल्यानं फाइल खाली सरकवली. शेवटच्या ठोक्याच्या ओळीसमोर एक टीप होती. ती मात्र मूळची नव्हती.

हा ठोका फालतू नाही. उन्हाळ्यात हातच्यासाठी थांबावं लागतं.

"हे 'फालतू नाही' काय आहे, म्हणून आम्ही विचारलं त्याला," टायवाला म्हणाला. "तर म्हणतो, जिला कळायचं तिला कळेल. असा तऱ्हेवाईक आहे. पण कामाला वाघ."

"पाटी बदला," ताई म्हणाली. "झाकणावरची. ती खोटी आहे. ती बदलून आणलीत की सही देईन."

"आणि फाइल, मॅडम? फाइलीत काही...?"

"फाइल बरोबर आहे."

तो गेला. साहेबही उठले आणि दारात थांबले.

"ताई, ते पत्र पाठवताय ना? एकदा मला दाखवा. प्रयोगशाळेचं नाव त्यात नको."

"नाही पाठवत."

"का? एवढं दोन दिवस घर डोक्यावर घेतलंत ते?"

"पत्ता चुकलाय," ताई म्हणाली.

साहेब काहीतरी विचारणार होते, पण तिचा चेहरा पाहून निघून गेले.

तिनं आपल्या यंत्रावर आपली मुंगी उघडली. सगळ्या जगाला दिसते ती, ताजी, तेहेतीस ठोक्यांची. वरच्या ओळी तिनं किती वर्षांत वाचल्या नव्हत्या. 'लिहिली: ताई.' आणि खाली, तिच्या हातून बदलायचं राहून गेलेलं: 'नावं तेवढी राहू द्या.' नाव एकच आणि अट मात्र नावांची. सहा वर्षांत एकाही माणसानं विचारलं नव्हतं, की दुसरं कोणाचं होतं.

केलेल्या प्रत्येक बदलाचं कारण फाइलीसोबत राहतं आणि ते कोणालाही वाचता येतं. ती मागे मागे जात त्या संध्याकाळपर्यंत पोचली. पाहुणे अजून बाहेरच्या खोलीत बसलेले होते, आई ताटं उचलत होती, तेव्हा आत येऊन तिनं ते टाइप केलं होतं. तारीख होती, वेळ होती. कारणाच्या रकान्यात तिचंच वाक्य होतं: 'फालतू होतं ते काढलं. एक ठोका, एक नाव.'

हे त्यानं वाचलं होतं. कधी वाचलं कोण जाणे. त्याच रात्री की पुढे केव्हातरी. वाचून गप्प बसला, भांडायलासुद्धा आला नाही, आणि जुनी प्रत घेऊन कुठल्याशा लिफ्टच्या कारखान्यात तिचं नाव सांभाळत बसला. ताईच्या डोक्यात पुन्हा तिडीक गेली. मेल्या, ठोका गरमीसाठी आहे हे तेव्हाच बोलायला काय झालं होतं? तोंड शिवलं होतं का? मग तिला त्या जेवणाचं आठवलं. बोलायला त्याला जागाच कुठे ठेवली होती. राग कमी झाला नव्हता. तो ज्याच्यावर काढावा असं मात्र खोलीत दुसरं कोणी उरलं नव्हतं.

तिनं शेतातल्या पंपवाल्याला आणि त्याच्या आधीच्या तिघांना लिहिलं: 'तुमच्या तारा ठीक आहेत. चूक माझी आहे.' मग छापलेल्या पत्राचे चार तुकडे केले, आणि फोन घेतला. नंबर पाठ होता. घंटा बराच वेळ वाजत राहिली.

"बोल," धाकटा म्हणाला. मागं कुठेतरी लोखंडी दार उघडल्या-मिटल्याचा आवाज येत होता. "आता काय काढायचं राहिलंय?"

तिनं पडद्यावरच्या त्या एका नावाकडे पाहिलं.

"चौतीस," ती म्हणाली.

पलीकडे दार एकदा उघडलं, एकदा मिटलं.

"ऐकू नाही आलं. परत बोल."

ऐकू आलं होतं. हे तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्याला. ती खुर्चीतून उठून उभी राहिली आणि प्रयोगशाळेतल्या सगळ्यांनी माना वळवून बघावं इतक्या मोठ्यानं तिनं तो आकडा परत सांगितला.